चॅनेल एक

कोपरखैरणे, सेक्टर सात. रविवार, संध्याकाळचे सात.
बारा बाय दहाची खोली. तीत दिवाण, फ्रीज, शिवणयंत्र
आणि आता हा फ्लॅश,
सेकंडहँड, कॅमेऱ्यापासून सुटा,
कपडे वाळत घालायच्या काठीला रबरबँडने बांधलेला.
काठी धरून जयवंत उभा.
"वर? अजून वर? पंख्याला लागेल हं."
मध्ये माझी पांढरी ओढणी, दुहेरी,
म्हणजे उजेड कसा चहासारखा
गाळून येईल.

समोर मामंजी.
खुर्चीत बसलेत, पण बसलेले नाहीतच,
माथाडी बोर्डाच्या कार्डावर उभे आहेत:
दोन्ही कान दिसतील असे, श्वास आत,
सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत.
एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात.
फोटो म्हणजे त्यांना माहीत तो एवढाच:
तोंडावर थाडकन येणारा उजेड,
नाक पुसून टाकणारा,
माणसाला मागच्या भिंतीवर चिकटवून मोकळा होणारा.

"इकडे नका बघू," मी म्हणते. "शिवणयंत्राकडे बघा."
"मग फोटो कुणाचा काढतीस? मशीनचा?"

ताकद एक सोळांश. चार पेन्सिल सेल.
बारीक शीळ घालत तो भरत जातो,
लाल ठिपका लागतो.
मी अजून बटण दाबलेलं नाही.

आणि तो उडतो.

जयवंत माझ्याकडे बघतो, मी माझ्या बोटाकडे.
पुन्हा उडतो.
भिंतीपलीकडून कुणी ओरडतं,
"विहान! ए विहान, इकडं बघ, काऊ बघ!"
मढवींच्या नातवाचा पहिला वाढदिवस.
त्यांचा फोटोग्राफरही चॅनेल एकवर.
भिंत एक होतीच, पाण्याची टाकी एक,
आता हेही.

अकरा वेळा. मी मोजले.
अकरा वेळा आमची खोली
कुणाच्या तरी बाळासाठी उजळली:
यंत्राचं चाक, गॅसचं पुस्तक, खिळ्याला छत्री,
आणि इस्त्रीच्या सदऱ्याखालून
मामंजींच्या डाव्या खांद्यावरचा उंचवटा,
लिंबाएवढा,
चौदा वर्षांत मी कधी न पाहिलेला.
पाहिला असेन.
त्याला तेव्हा सावली नव्हती.

"ह्याला हाक कोण मारतंय?" ते विचारतात.
मी सांगते, शेजारचा. रेडिओसारखं असतं, चॅनेल जुळलं की झालं.
ते खुर्चीत जरा सैल होतात.
"गाडी लागली की मार्केटात असंच.
कुणीतरी वरडायचं, हात लाव रे!
आपल्याला नसायचं ते.
पण पाठ वाकायची आपोआप."
आणि हसतात, दाढ नसलेल्या बाजूने.
तेवढ्यात तो उडत नाही. भरतोय अजून.

चॅनेल बदलायचं साधं चाक आहे, अंगठ्याने फिरतं.
मी अंगठा ठेवला त्यावर, आणि उचलला.
जयवंतला म्हटलं, ट्यूब बंद कर.
कॅमेरा स्टूलवर, पुस्तकांच्या थप्पीवर.
शटर उघडलं
आणि उघडंच ठेवलं.

काळोखात आम्ही तिघं.
फ्रीजचा घरघराट.
पलीकडे फुगा फुटला, रडणं, मग कुणाचं तरी
"अले अले अले", मग टाळ्या.
कॅमेऱ्यात काहीच जात नव्हतं, काळोख सोडून.
मामंजी म्हणाले, "झालं का?"

उडाला.

फोटो बरा आहे. नजर कानाजवळ गेलीय,
डोळे किंचित मऊ.
तोंड अर्धं उघडं, "का"वर.
उजवा गाल काळोखात पूर्ण.
माझं त्यात काय, तर उघडं ठेवणं.

त्यांनी चष्मा लावून पाहिला.
"खांदा जरा जास्तच दिसतोय."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "ऱ्हाऊ दे."

साडेआठला मढवींची सून केक घेऊन आली,
कागदी ताटलीत, निळं क्रीम.
मी चॅनेल चारवर नेऊन ठेवलं होतं एव्हाना.
मामंजींनी कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला:
"हे बघ.
हे तुमच्याकडनंच आलंय."